टाळ्यांच्या गजरात मंजूर

मी सभेत टाळ्या वाजवत नाही. नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला वाजवतो, गाणाऱ्याच्या चांगल्या तानेला वाजवतो. परंतु जिथे काही ठरायचे असते तिथे माझे हात मांडीवर असतात. सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींनी हे एव्हाना माझ्या स्वभावातले वैगुण्य म्हणून पदरात घेतले आहे. बुकित पंजांगला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत गेल्या वेळी मंडळाची वार्षिक सभा झाली. अध्यक्षांनी नव्या कार्यकारिणीची नावे वाचली. नावे जुनीच होती, फक्त क्रम बदलला होता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "टाळ्यांच्या गजरात मंजूर!" मी हात वर केला.

"काका, आता काय?"

"मतदान."

"अहो, सगळे हो म्हणतायत की!"

"मग मोजायला अडचण काय आहे?"

"अडचण एवढीच, की साबुदाणा वडे गार होतायत," मागून कोणीतरी म्हणाले. मोठा हशा झाला आणि सभा संपली. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तरादाखल मला मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चित्र आले.

त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांना टाळ्या म्हणजे आनंद वाटतो, कारण टाळ्यांनी काय काय गिळता येते हे त्यांनी पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. एका बाईने हात वर करून मोजणी मागितली आणि टाळ्यांच्या आवाजात तो हात नाहीसा कसा झाला, हे मी बारा-पंधरा हातांवरून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या गोष्टीला पस्तीस वर्षे उलटून गेली. त्या हाताचे काय झाले, याचा निकाल मात्र मागच्या महिन्यात, इथे, पाया लेबारच्या एका वातानुकूलित सभागृहात लागला. तो कसा लागला ते नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मी पुण्यात विधी महाविद्यालयात कामगार कायदा शिकवीत असे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात शिष्यवृत्ती मिळाली आणि हंगेरीला गेलो. पत्नी आणि लहान मुलगा पुण्यातच राहिले. मला दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या शहरात पाठवण्यात आले. तिथे दोरखंड आणि सुतळी करण्याचा एक जुना सरकारी कारखाना होता. तिथल्या कामगारांचे तंटे कसे सोडवले जातात हा माझ्या अभ्यासाचा विषय. साहजिकच माझा संबंध कारखान्याच्या कायदा अधिकारी बाईंशी आला. वयाने त्या माझ्याहून काही वर्षांनी मोठ्या होत्या. कोणत्याही भांडणात त्या आधी कलम काढत आणि मग आवाज. म्हणून कातणाऱ्या बायकांनी त्यांना एक टोपणनाव ठेवले होते. त्याचे मराठी करायचे तर 'कलमबाई' असे होईल. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना अहो-जाहो करीत होतो. पुढे तिथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही दोघांनी एकेक पेला रिचवला आणि अरे-तुरेवर आलो. तेव्हापासून आजतागायत ती माझी मैत्रीण आहे.

त्या देशात चाळीस वर्षे एकाच पक्षाचे राज्य होते. कलमबाई त्या कम्युनिस्ट पक्षाची सभासद होती. पक्षाचा नियम असा, की वरून एकदा ठरले की खाली त्यावर बोलायचे नाही; आणि चार सभासदांनी वेगळे जमून विचार करणे हाच मुळी गुन्हा. परंतु अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास देश हलू लागला. नवे पक्ष निघत होते, निवडणुका होणार हे दिसत होते. तेव्हा राजधानीपासून दूरच्या गावांतून या सत्ताधारी पक्षातलेच काही साधे सभासद उघडपणे एकत्र जमू लागले. कोणी मास्तर, कोणी इंजिनिअर, कोणी वकील. त्यांना पक्ष सोडायचा नव्हता. लोकांसमोर जाण्यापूर्वी तो आतून धुऊन काढायचा होता. या गटांना तिथे 'सुधारणा मंडळे' म्हणत.

मी कलमबाईला एकदा विचारले, "तू सरळ एखाद्या नव्या पक्षात का जात नाहीस?"

ती शेवयांवर खसखस आणि पिठीसाखर पेरत होती. तिच्याकडे ते पक्वान्न नव्हे, रात्रीचे जेवण असे. मला ते कधीच पचनी पडले नाही. ती म्हणाली, "हा पक्ष माझ्या कारखान्यात आहे. नवे पक्ष अजून राजधानीतल्या कॉफीच्या दुकानांत आहेत. कातणाऱ्या बाईचं काही झालं, तर मी कुठे जाऊ? कॉफीच्या दुकानात?"

तिच्या मंडळाला वरून मिळालेला पहिला पाठीराखा म्हणजे कारखान्याचा संचालक. तरुण, हसरा, ऐकून घेणारा. पक्षाच्या शहर समितीवरही तो होता. त्याने बैठकांना कारखान्याचे भोजनगृह दिले, टंकलेखन करून दिले, जुन्या मंडळींच्या शिव्या अंगावर घेतल्या. पक्षात सगळेच एकमेकांना 'कॉम्रेड' आणि अरे-तुरे करीत. कातणाऱ्या बायका संचालकाच्या पाठीवर थाप मारून 'तू' म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. त्या दिवसांत त्याच्याविरुद्ध मला एक ओळ लिहिता आली नसती. आणि लोकांविरुद्ध ओळी लिहिण्यात मी कधी कुचराई केलेली नाही.

त्याच सुमारास सरकारने असा कायदा केला की सरकारी कारखान्यांचे खासगी कंपन्यांत रूपांतर करता यावे. रूपांतर करणार कोण? जे कारखाना चालवतात ते. भागीदार निवडणार कोण? तेच. इतरांनी त्या कायद्याकडे पाहिले आणि त्यांना स्वातंत्र्य दिसले. कलमबाईने तो वाचला. दुसऱ्या दिवशी तिने मला पक्षाच्या शहर परिषदेपुढे मांडायच्या ठरावाचे एकच वाक्य दाखवले. पक्षाचा जो पदाधिकारी एखादा सरकारी कारखाना चालवीत असेल, त्याला त्या कारखान्याची मालकी, स्वतः वा नातलगामार्फत, घेता येणार नाही. घेतल्यास तो पक्षात राहणार नाही. बस्स. माझ्या उभ्या आयुष्यात इतके स्वच्छ वाक्य मी कायद्याच्या पुस्तकातही फार वेळा पाहिलेले नाही.

सभा चालवण्याची नियमावलीही तिनेच लिहिली, कारण तोवर नियम म्हणजे अध्यक्षाची लहर असे. प्रत्येक ठरावावर हात वर करून मतदान, हातांची मोजणी, आकडा इतिवृत्तात. शेवटी एक अपवाद होता: श्रद्धांजली उभे राहून वाहावी, आभार टाळ्यांनी मानावेत, या दोहोंना मोजणी लागू नाही.

"हा अपवाद कशाला?" मी विचारले.

"म्हणजे मेलेल्या माणसाला किती मतं पडली ते मोजू? आणि स्वयंपाकिणीचे आभार मानताना विरोधात किती, ते लिहू?" ती म्हणाली. मी हसलो. कायदा लिहिणाऱ्याच्याच हातून होऊ शकेल अशी ती चूक होती: सौजन्याला कोणी हत्यार करील, हे सौजन्याने वागणाऱ्याच्या मनात येत नाही.

परिषद कारखान्याच्याच सभागृहात भरली. मी पाहुणा म्हणून सज्जात बसलो होतो. कलमबाईने ते वाक्य वाचले. सभागृह इतके शांत झाले की शेजारच्या विभागातल्या चात्यांची घरघर ऐकू येऊ लागली. मग अध्यक्षाच्या खुर्चीतला संचालक उठला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

"कॉम्रेडहो," तो म्हणाला, "आपल्या पक्षात इतकं धाडसाचं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. मी सुचवतो, की या वाक्याबद्दल आपण आपल्या या कॉम्रेडचे आभार मानू या!"

टाळ्या सुरू झाल्या. तिथल्या लोकांची रीत अशी, की टाळ्या वाढल्या की आपोआप एका तालात येतात. शेकडो हात एकाच ठेक्यात पडू लागतात, घणासारखे. आणि त्या तालातून एकट्याने बाहेर पडणे कठीण होऊन बसते. सगळे उभे राहिले. त्या गर्दीत कलमबाईने उजवा हात ताठ वर केला. तिचे ओठ मला सज्जातून वाचता येत होते. "मोजणी! मोजणी!" त्याच क्षणी स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने फोटो काढला. ताल संपला तेव्हा संचालक म्हणत होता, "पुढचा विषय."

इतिवृत्तात नोंद झाली: 'प्रस्तावाबद्दल आभार मानण्यात आले.' तिने हरकत घेतली. संचालकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, आभारांना मोजणी लागू नाही. तुझंच कलम आहे."

जिन्यात तिला पक्षाचा जुना सचिव भेटला. तो सुधारणेचा कट्टर विरोधक. या मंडळांना तो उघडपणे फितूर म्हणत असे. तो तिला म्हणाला, "मी तुझ्याविरुद्ध मत दिलं असतं. पण मी मोजलं असतं."

पुढचे सर्वज्ञात आहे. त्याच शरदात राजधानीतल्या अधिवेशनात तो पक्ष विसर्जित झाला आणि त्याच्या जागी नवा पक्ष उभा राहिला. जुन्यांनी त्यात नव्याने सही करून यायचे होते. कारखान्यात कलमबाईने सही केली, आणि तिच्यासारख्या आणखी थोड्या खुळ्यांनी. संचालकाने केली नाही. त्याला पक्षाची गरज उरली नव्हती. त्याच्याकडे कारखाना होता. त्या हिवाळ्यात तो तिला आवारात भेटला आणि म्हणाला, "बाई, आपण कशा आहात?" तिने मला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा कोणी थोबाडीत मारावी तसा झाला होता. एका झटक्यात 'तू'चे 'आपण' झाले, आणि कॉम्रेड होती ती नोकर झाली. पुढे त्याच्या मालकीची कंपनी झाली, यंत्रे विकली गेली, कारखाना बंद पडला. तोपर्यंत मी पुण्याला परतलो होतो. नदीकाठच्या त्या जागेवर आता सदनिका आहेत. संचालक मात्र देशोदेशी फिरून 'बदल' या विषयावर व्याख्याने देऊ लागला, आणि त्या व्याख्यानांत तो फोटो दाखवू लागला: टाळ्या वाजवणारे उभे सभागृह, आणि मध्यभागी हात उंचावलेली एक बाई. त्याची एक मोठी प्रत शहराच्या सार्वजनिक सभागृहात लागली. खाली दोनच शब्द आहेत: 'बदलाचा आनंद'.

कलमबाई त्याच शहरात राहते. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या बायका आणि त्यांच्या मुली तिला पावाच्या दुकानात भेटतात. एकीने तिला तोंडावर सांगितले, "आम्ही रस्त्यावर आलो, तेव्हा तुम्ही हात उंचावून नाचत होतात. फोटोच आहे." तिने अर्ज केले, पत्रे लिहिली. तिला सौजन्यपूर्ण उत्तरे मिळाली. सज्जातले आम्ही जे काही जण होतो त्यांतला मी एकटा हयात आहे.

आता इकडचे. पत्नी गेल्यावर मुलाने मला इथे आणले. तो वन-नॉर्थला एका कंपनीत व्यवस्थापक आहे. एका रविवारी जेवताना तो सहज म्हणाला, "बाबा, तुमच्या हंगेरीचा कोणी माणूस व्याख्यान द्यायला येतोय. आमची कंपनी प्रायोजक आहे." त्याने मोबाइल पुढे केला. मी चष्मा लावला. केस पांढरे झाले होते. हसू तेच होते.

मी कलमबाईला फोन लावला. इथली दुपार, तिथली सकाळ. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"तू जाशील?"

"जाईन."

"मग एकच कर. त्याने लोकांसमोर एवढंच म्हणावं, की तो हात आनंदाचा नव्हता, मोजणी मागणारा होता. बाकी भांडू नकोस. मला कारखाना परत नकोय. माझा हात परत हवाय."

"आणि तो म्हणाला तर?"

"तर ते लोक मोबाइलवर घेतातच ना सगळं? मी ते पावाच्या दुकानात नेऊन दाखवीन."

मुलाला मी माझा हेतू कळवला, कारण त्याला न कळवता जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"बाबा, तिथे माझा बॉस असेल."

"मी तुझे नाव घेणार नाही."

"आडनाव एकच आहे आपलं! आणि हे इथे नाही चालत. प्रश्न विचारायची एक पद्धत असते इथे."

"मलाही पद्धतीबद्दलच विचारायचे आहे."

"पस्तीस वर्षं झाली हो त्याला! कोणाला पडलंय?" मग बरीच वर्षे राखून ठेवलेले वाक्य असावे अशा आवाजात तो म्हणाला, "तुम्ही तिकडे त्यांच्या पक्षाची धुणी बघत बसलात. इकडे आई मला काखोटीला मारून रॉकेलच्या रांगेत उभी होती. तिच्यासाठी कधी हात वर केलात?"

मी ताट उचलले. शुक्रवारी सकाळी मात्र तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चला. एकटे गेलात तर रजिस्ट्रेशनलाच भांडाल."

पाया लेबारला स्टेशनातून वर येऊन, मॉलच्या पोटातून जाऊन, लिफ्टने आम्ही सभागृहात पोहोचलो. गळ्यात पट्टे घातलेली तरुण माणसे आणि थंडगार हवा. संचालक, मी त्याला आजही तेच म्हणतो, फार चांगले बोलला. माणसे बदलाला घाबरतात, पुढाऱ्याने त्यांना त्यात आनंद दाखवावा, असा एकंदर आशय. मग पडद्यावर तो फोटो आला.

"या बाईंकडे पाहा," तो म्हणाला. "सामान्य कर्मचारी. तो हात पाहा! असा क्षण निर्माण करता आला, की बदल झालाच समजा."

पडद्यावर ती दोन पुरुष उंचीची झाली होती. तिचे ओठ 'मोजणी'च्या तिकडच्या शब्दावर उघडलेले स्पष्ट दिसत होते. ज्याला ते वाचता आले असते असा त्या दालनात मी एकटा होतो, आणि तो.

प्रश्नांची पद्धत मुलाने म्हटल्याप्रमाणे खरोखरच वेगळी होती. प्रश्न मोबाइलवर लिहायचा. तो पडद्यावर येतो. श्रोते आपल्या आवडत्या प्रश्नाला अंगठा देतात. ज्याला जास्त अंगठे तो वर चढतो. मी प्रश्न लिहिला: 'चित्रातील महिला आनंद व्यक्त करीत नसून मतमोजणीची मागणी करीत आहे, हे आपणास मान्य आहे काय?' त्याला एक अंगठा मिळाला. तो माझा होता. सर्वांत वर प्रश्न होता, 'आपण सकाळी किती वाजता उठता?' पस्तीस वर्षांपूर्वी जी मोजणी मागितली होती, ती इथे यंत्राने क्षणोक्षणी होत होती. फक्त मोजण्याजोगे काही तिच्यात उरले नव्हते.

मी उभा राहिलो. मुलाने माझी बाही धरली, आणि मग सोडली. मला ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही. मी तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या गोंगाटात कलमे वाचली आहेत.

"महाशय," मी इंग्रजीत म्हणालो, "मी त्या दिवशी सज्जात होतो. त्या बाईंनी मोजणी मागितली होती. आपण अध्यक्ष होतात. आपण मोजले नाही. तो हात आनंदाचा नव्हता, एवढे आपण आता, या लोकांसमोर म्हणावे."

तो मंचाच्या कडेला आला, डोळे बारीक करून त्याने मला पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला. तो खरोखर उजळला, हेच त्यातले अक्षम्य आहे. "अरे! तू!" तो हंगेरियनमध्ये ओरडला. "भारतीय! तू जिवंत आहेस!" पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या रांगांमधून तो माझ्यापर्यंत आला आणि त्याने मला मिठी मारली. तिला त्याने 'आपण' करून टाकले होते. माझ्यासाठी त्याच्याकडे अजून 'तू' शिल्लक होता.

"मोज," मी त्याच्या कानापाशी म्हणालो. "एवढंच म्हण. तो हात मोजणीचा होता."

त्याने माझा हात धरून वर केला आणि सभागृहाकडे वळला. "मित्रहो, हा माणूस तिथे होता! इतिहास इथे तुमच्यात येऊन बसला आहे! इतक्या वर्षांनी, इतका धाडसाचा प्रश्न! मी सुचवतो, आपण त्याचे आभार मानू या!"

टाळ्या पडल्या. इथे त्यांना तो ताल नव्हता. सैल, उदार, कौतुकाच्या टाळ्या होत्या. चहूबाजूंनी मोबाइल वर झाले. मी ओरडत होतो, "मोजा! उत्तर द्या!" आणि माझा हात त्याच्या मुठीत हवेत होता. मग त्याने तो अलगद खाली सोडला, माझ्या पाठीवर थोपटले आणि मंचाकडे जाता जाता म्हणाला, "तर, मी सकाळी किती वाजता उठतो?" मोठा हशा झाला.

परतीच्या गाडीत मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर काही नव्हते, बोगदा होता.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "मी पण टाळ्या वाजवल्या."

मी त्याच्याकडे वळलो.

"सगळेच वाजवत होते. मला वाटलं, तुमचं कौतुक चाललंय. बॉस माझ्याकडे बघून हसला. मला... मला बरं वाटलं एक क्षण. मग तुमचं तोंड दिसलं."

तो वाईट माणूस नाही. दोरखंडाच्या कारखान्यात त्या दिवशी उभे राहिलेले शेकडो लोकही वाईट नव्हते. कोणी आपल्या माणसाचे आभार मानीत असता हात खिशात ठेवावेत, एवढा दुष्टपणा चांगल्या माणसांच्या अंगी सहसा नसतो. या एकाच गोष्टीच्या भरवशावर चोर निश्चिंत असतात.

मी आयोजकांना त्याच संध्याकाळी पत्र लिहिले: घटनाक्रम, माझे निवेदन, आणि अपेक्षित दुरुस्ती. दोन ओळींचे उत्तर आले. कार्यक्रमात उत्साहाने सहभागी झाल्याबद्दल आणि सकारात्मक प्रतिसादाबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते.

नंतर नात शाळेतून आली ती मोबाइल नाचवतच. "आजोबा, यू आर फेमस लाह! लुक, सो हॅपी!" संचालकाच्या कार्यालयाने फोटो प्रसिद्ध केला होता. त्यात त्याची मिठी, वर गेलेला माझा हात, उघडे तोंड आणि भोवती टाळ्या वाजवणारे लोक. खाली लिहिले होते, की त्या ऐतिहासिक दिवसाचा भारतीय साक्षीदार इतक्या वर्षांनी आनंदाने भेटला. नातीला मी म्हणालो, "हॅपी नाही, बाळ. मी भांडत होतो." तिने पुन्हा फोटो पाहिला, तो मोठा करून पाहिला. "बट कान्ट सी, आजोबा," ती म्हणाली. तिने खरे तेच सांगितले.

मी दोन दिवस कलमबाईला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला.

"पावाच्या दुकानात दाखवला मला," ती म्हणाली. "दुकानवाली म्हणाली, हा तुमचा तो भारतीय मित्र ना, हाही त्याच्याच बाजूला गेला की. तू हसतोयस त्यात."

"मी हसत नव्हतो. मी 'मोजा' म्हणत होतो."

"मला माहीत आहे रे. तुझे ओठ वाचले मी." पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. "पण गावाला कोण सांगणार?"

मी म्हणालो की मी लिहीन.

"कोणत्या भाषेत?"

"तुझी भाषा बोलण्यापुरती उरली आहे माझ्याकडे. लिहायची आता माझीच."

ती हसली. पस्तीस वर्षांत मी तिला इतके मनापासून हसताना ऐकले नव्हते. "लिही," ती म्हणाली. "इथे एकालाही वाचता येणार नाही. म्हणजे निदान कोणी आभार तरी मानणार नाही."

सबब हे निवेदन. ते तिच्या गावातल्या पावाच्या दुकानापर्यंत पोहोचणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. ते चित्र उद्याही त्या भिंतीवर असेल आणि त्याच्या व्याख्यानातही असेल. आता तर जोडीला माझेही असेल. तरीही, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाविना, मी लिहून देतो की मी सज्जात होतो, मला स्पष्ट दिसत होते, तो हात आनंदाचा नव्हता. ती मोजणी मागत होती.